लेडी पॅरामाउंटचा निकाल

"हात लावला! माझ्या डोळ्यांदेखत लावला!" लक्ष्याजवळ उभा राहून बॅरी हर्स्ट ओरडला.

लक्ष्याच्या मधल्या पिवळ्या वर्तुळाच्या अगदी कडेला रोलंडचा बाण रुतला होता. पिवळ्यात पहिला बाण लागेल त्याला चांदीचा बाण, हा आमच्या तिरंदाजी मंडळाचा जुना रिवाज. आणि पंचाने पाहण्याआधी बाणाला बोट लावायचं नाही, हे तर इथलं शेंबडं पोरही सांगेल. चाळीस वर्षं धनुष्य ओढणाऱ्या रोलंडने नेमकं तेच केलं होतं.

"आत ढकलला यानं! लबाडी आहे ही. मंडळातून नाव काढा याचं!"

पंच मिस्टर ऑड यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली. त्यांनी काही पाहिलंच नव्हतं. "आता बाईंनाच विचारू," ते म्हणाले.

बाई म्हणजे रोलंडचीच बायको, एनिड. यंदाची लेडी पॅरामाउंट. पॅरामाउंट हा शब्द नॉर्मन सरदारांनी इंग्लंडात आणला. ज्याच्या डोक्यावर दुसरा धनी नाही, तो पॅरामाउंट. हल्ली पुढारी भाषणात दर दोन वाक्यांनी तो फेकतात. तिरंदाजांनी मात्र तो मान एका बाईला दिला. मैदानावर तिचा शब्द शेवटचा. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात तिने गुच्छ घेऊन खुर्चीत बसायचं आणि शेवटी बक्षिसं वाटायची. कुणी तिला कधी काही विचारल्याचं मला तरी आठवत नाही.

एनिडला मघापासून खुर्चीत बसवत नव्हतं. दुर्बिणीतून तिने सगळं पाहिलं होतं. रोलंडचा हात बाणाच्या पिसांवरून सरकत लक्ष्याच्या कागदापर्यंत गेला, मग बोटं कागदावर फिरत राहिली. ढकलणारा माणूस असा हात फिरवत नाही. अंधारात दिव्याचं बटण चाचपताना फिरवतो. ती तरातरा मैदान ओलांडून आली.

"हात का लावलास?"

"लावला. लबाडी केली. काढा माझं नाव, विषय संपवा," रोलंड घाईघाईने म्हणाला.

आयुष्यात कुणाचा अर्धा गुण न लाटलेला हा माणूस. आणि आज चारचौघांत लबाड म्हणवून घ्यायला एका पायावर तयार! एनिडने हातातला गुच्छ त्याच्यासमोर धरला.

"ही फुलं कुठल्या रंगाची?"

"एनिड, लोक बघतायत."

"बघू देत. रंग सांग."

रोलंडने मान आधी डावीकडे तिरकी केली, मग उजवीकडे.

"लाल," तो म्हणाला. "तुला लाल आवडतात ना."

गुच्छ पांढराशुभ्र होता.

"सवयीनं लागला गं बाण," रोलंड पुटपुटला. "खांद्याला पाठ असतं सगळं. कुठं लागला तेवढं दिसेना."

"कधीपासून?"

"नाताळापासून."

मे महिना उजाडला होता. एनिडला त्याची फार दया आली, आणि दयेपेक्षा मोठा संताप आला. त्याला कुशीत घ्यावं की एक ठेवून द्यावी, हे तिला कळेना. मिस्टर ऑड वही उघडून उभे होते.

"लिहा," ती म्हणाली. "बाण बाद. लबाडी नाही."

रोलंडने सुटकेचा श्वास सोडला आणि तो वळला. एनिडने त्याची बाही धरली.

"माझा निकाल संपलेला नाही," ती म्हणाली. "गाडीच्या चाव्या काढ, रोलंड. रोज सकाळी नातीला शाळेत तू सोडतोस."