वकिलांची कंबर

“चार सायकली चोरल्या म्हणून एकामागून एक चार वर्षं? मुंगी मारायला तोफ कशाला, साहेब?” वकील तावातावाने बोलले आणि न्यायाधीशांना ते पटलं. चारही शिक्षा एकत्रच भोगायच्या, म्हणजे सगळी मिळून एक वर्ष कैद, असा अपिलाचा निकाल झाला. सायकलचोर तोवर तीन वर्षं आत काढून बसला होता. सुटला तसा तो बहिणीला घेऊन थेट वकिलांच्या ऑफिसात आला.

वकिलांनी छाती फुगवून, उठून स्वतःची खुर्ची त्याच्यापुढे सरकवली. तेवढ्यात टेबलावरच्या उघड्या फाइलीकडे त्यांची नजर गेली. अपील पहिल्या सहा महिन्यांतच दाखल झालं होतं. त्यानंतर त्यांच्याच सहीचे नऊ अर्ज होते: ‘कंबर धरल्यामुळे पुढची तारीख मिळावी.’ खरं तर कंबरेला काहीच झालं नव्हतं. कधी दुसरी मोठी केस होती, तर कधी मेहुण्याच्या घरचं लग्न. त्यांनी फाइल झटकन मिटली.

सायकलचोराने ती खुर्ची परत त्यांच्याकडे ढकलली.

“साहेब, आधी तुम्ही बसा. आत रोज तुमच्या कंबरेसाठीच हात जोडत होतो.”