तलफेचा नियम

"वैद्याचा काढा प्यायला की तलफ शून्य. एवढंच लिहायचंय तुला," बर्वे म्हणाले.

"नाही लिहिणार," शलाका म्हणाली. "तलफ कमी होते, सर, शून्य होत नाही. व्यसन सुटून वर्षं झाली, तरी माझी अजून झालेली नाही."

शलाका खेळाचे नियम लिहायची आणि बर्वे तिचे साहेब होते. त्यांच्या खेळात डोक्याला पट्टा बांधला की पात्राला जे होईल ते खेळणाऱ्याच्या अंगाला जाणवायचं. जखम, थंडी आणि आता निळ्या भुकटीची नशा आणि तलफसुद्धा.

"अगं, लोक मजेसाठी खेळतात. त्रास व्हायला लागला की सरळ खेळाबाहेर पडतील."

"पडतील? आठवडाभर तुम्हीच खेळात ती भुकटी घेऊन तपासताय. आज तिच्याशिवाय बसून दाखवा."

बर्वेंनी हसत पट्टा बांधला. समोर दोनच बटणं होती, 'बाहेर पडा' आणि 'एक चिमूट'. थोड्या वेळाने त्यांना जांभयांवर जांभया येऊ लागल्या. मग नाक गळायला लागलं, पोटऱ्या ठणकू लागल्या आणि शर्ट घामाने पाठीला चिकटला.

"बंद कर हे!" ते ओरडले.

"बटण तुमच्याच हाताशी आहे, सर."

बर्वेंचा हात पुढे गेला आणि त्यांनी 'एक चिमूट' दाबलं. ते बटण शलाकाने सकाळीच निकामी करून ठेवलं होतं. तरी बर्वे 'बाहेर पडा'कडे न वळता तेच दाबत राहिले.

शेवटी तिनेच त्यांचा पट्टा सोडला.

"नियम आहे तसाच राहणार," ती म्हणाली.

बर्वेंचं बोट अजून त्याच बटणावर होतं.