थोरल्याची हकीकत

औरंगाबादच्या नव्या डॉक्टरांचं पोस्टकार्ड आलं होतं: येताना बाळाच्या आजाराची सगळी हकीकत लिहून आणा, आधीचं मूल गेलं असेल तर त्याचीही. सकाळच्या एस.टी.नं भोकरदनहून निघायचं होतं. दहा महिन्यांच्या धाकट्याला मांडीवर घेऊन मी लिहायला बसले. "थोरल्याचं लिहू नको," सासूबाई म्हणाल्या. गेलेल्या लेकराचं आमच्याकडे नावही काढत नाहीत; त्याच्या झबल्यांसोबत दवाखान्याचे कागदही नदीत सोडले होते. "कॉलेजात गेल्तीस ना? जित्याला नजर लागंल, एवढं कळंना व्हय?" "डॉक्टरांनी मागितलंय, आत्याबाई." आठवून आठवून लिहिलं. "वाच मंग," त्या म्हणाल्या. मी वाचलं. सहाव्या महिन्यात मान धरेनासा झाला. आठव्यात हसेना. नवव्यात दूध गिळताना ठसका लागायचा. "हे धाकट्याचं झालं," त्या म्हणाल्या. "थोरल्याचं कुठंय?" "हे थोरल्याचंच आहे." अकराव्या महिन्याची शेवटची ओळ मी वाचली नाही.