गोड पेला

ऑपरेशनला दोन तास उरले असताना सिस्टरने मालनच्या हातात गोड पेयाचा पेला दिला. "सगळं संपवा, मावशी. जेवण बंद असलं तरी ताकदीसाठी हे मुद्दाम देतात. उद्या लवकर उठून बसाल."

खुर्चीत नवरोबा पहाटेपासून बिनचहाचे बसले होते. त्यांच्याआधी तोंडाला काही लावायची सवय तिला चाळीस वर्षांत लागलीच नव्हती. "अहो, दोन घोट घ्या," तिने पेला पुढे केला.

त्यांनी तो रिकामाच परत दिला. "साखर जरा कमीच आहे."

दुसऱ्या दिवशी मालनला मान उचलवेना. पाण्याचा घोटही उलटत होता. डॉक्टर बुचकळ्यात पडले. "काल ते पेय घेतलं होतंत ना?"

तिने मोसंबी सोलणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं.

"प्यायली की! माझ्या डोळ्यांदेखत. हिच्या अंगीच लागत नाही काही," म्हणत त्यांनी पहिली फोड स्वतःच्या तोंडात टाकली.