नसलेल्या नोकरीची मुलाखत

प्रतिस्पर्धी कंपनीचं नवं श्रवणयंत्र समोरच्याच्या मनातलंही ऐकतं, अशी कुजबुज बाजारात होती. खरंखोटं तपासायला शलाका केंकरेने नेहमीची युक्ती केली. नसलेल्या नोकरीसाठी तिने तिथल्याच एका इंजिनिअरला मुलाखतीला बोलावलं.

तो खुर्चीत बसला आणि हसला. "जागा रिकामी नाहीच ना, मॅडम?"

त्याच्या कानात ते यंत्र होतं. आपल्या कंपनीच्या नव्या बॅटरीचं गुपित चुकूनही मनात येऊ नये म्हणून तिने घाईघाईने लेकीला डोळ्यांपुढे आणलं. दोन वेण्या, शाळेचं निळं फाटक, एकटीच रिक्षाची वाट बघत उभी.

"गोड आहे," तो हळूच म्हणाला. "शाळाही इथून जवळच आहे. आता बॅटरीचं आठवा."