अकरा मशिनं

शेडमध्ये शिलाईची मशिनं अकरा होती. चार गटाची स्वतःची, सात उसनी. स्टुलं अकरा, त्यांतलं एक डुगडुगणारं. बायका अकरा. खिडक्या दोन. पंखा एक, वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त करणारा. धाकटीने हे सगळं सकाळपासून तिसऱ्यांदा मोजलं आणि पुन्हा पहिल्या मशिनपाशी येऊन उभी राहिली.

अनुदानाच्या पाहणीला बाई अकरा वाजता येणार होत्या. दहा चाळीस झाले होते.

"बस की जरा," कोपऱ्यातून रेडिओ म्हणाली. सतत बोलायची म्हणून तिचं नाव रेडिओ पडलं होतं. "तुझ्या येरझाऱ्यांनी फरशी झिजेल. मग फरशीसाठी वेगळा अर्ज करावा लागेल."

बाकीच्या हसल्या. धाकटी हसली नाही. गट तिने उभा केला होता. चार मशिनांवर अकरा जणी पाळीपाळीने बसून शाळांचे गणवेश शिवत. आता शेडच्या मालकाने निर्वाणीचं सांगितलं होतं: वर्षाचं भाडं एकदम द्या, नाहीतर महिनाअखेर जागा खाली करा. अनुदान मिळालं तरच ते जमणार होतं, आणि या भागात ते एकाच गटाला मिळणार होतं. नाही मिळालं, तर अकराही जणी पुन्हा कारखान्यात, बारा तास उभ्याने.

उसन्या मशिनांची कल्पना ताईची. ताई धाकटीची सख्खी थोरली बहीण. कालव्यापलीकडे तिचाही शिवणकामाचा गट होता, नऊ बायकांचा. अर्जाची भाषा धाकटीच्या डोक्यावरून जायची, म्हणून चौदाही पानं ताईने वाचली होती. दोनदा. भरलीही तिनेच. मशिनांचा आकडा मात्र तिने कोरा सोडला होता. "तो पाहणीला येणाऱ्या बाईच भरतात," ती म्हणाली होती.

"तूही भर की एक अर्ज," धाकटी म्हणाली होती.

"आम्हाला नाही झेपायचे असले उपद्व्याप." ताईने पेनाला टोपण लावलं. "पण एक सांगते. चार मशिनं बघून तुला कोण दारात उभं करणार? जग भरल्या ताटातच वाढतं. आमची घेऊन जा."

"दोन-तीन दे. तुमचं काम अडेल."

"अडलं तर अडलं. सातही ने. बहिणीच्या नाही तर कुणाच्या उपयोगी पडायचं?"

अकरा वाजून चार मिनिटांनी पाहणीच्या बाई आल्या. वयाने तरुण, हातात फळीला लावलेले कागद. त्यांनी पाणीही घेतलं नाही. एकेका मशिनपाशी थांबून त्या चाक फिरवून बघत, सुई खाली-वर करत आणि कागदावर एक रेघ ओढत. धाकटी मनातल्या मनात रेघा मोजत होती.

सातव्या मशिनपाशी बाई थांबल्या. रेडिओ तिथे बसली होती.

"बॉबिन संपली तर नवी कुठे असते?"

रेडिओने उजवा खण ओढला. रिकामा. डावा ओढला. त्यात कुणाचा तरी कंगवा.

"रोज याच मशिनवर बसता ना?"

"बसते हो मॅडम," रेडिओ धाकटीकडे बोट दाखवत म्हणाली, "पण हिची शिस्त अशी, की रोज खण बदलते. माझ्या नवऱ्याला जशी घरात स्वतःची चप्पल सापडत नाही, तसं झालंय माझं."

बाईंच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. त्यांनी रेघ ओढली.

"ही सगळी मशिनं गटाच्याच मालकीची?"

धाकटीने पदर सारखा केला. "हो."

"अकराही?"

"अकराही."

"म्हणजे पाळी नाही. प्रत्येकीला स्वतःचं मशीन."

"प्रत्येकीला," धाकटी म्हणाली. आता आवाज जरा मोकळा झाला. "कुणाचं काही अडत नाही आमच्याकडे."

"दिसतंय," बाई म्हणाल्या. त्यांनी खाली सही केली, कागद धाकटीपुढे धरला, तिचीही सही घेतली. "फार छान चाललंय तुमचं." मग घड्याळ बघितलं. साडेतीनला त्यांची आणखी एक पाहणी होती, त्याआधी जेवायचं होतं.

त्या गल्लीच्या वळणाआड गेल्यावर शेडमध्ये एकच कल्ला झाला. रेडिओने कंगवा झेंड्यासारखा नाचवला. धाकटी मात्र अजून बसत नव्हती. तिने ताईला फोन लावला.

"ताई, झालं! फार छान चाललंय म्हणाल्या. सही पण झाली."

"मी म्हटलं नव्हतं?"

"टेम्पो सांगितलाय. दोनपर्यंत तुझी मशिनं पोचवते."

"आज नको." ताई पटकन म्हणाली. मग हळू, "दमली असशील गं. उद्या सकाळी आण. एका दिवसाने काय बिघडतंय?"

"तुझे उपकार कसे फेडू?"

"वेडी आहेस. ठेव आता."

धाकटीने दुसऱ्या दिवशी सातही मशिनं पुसून, तेल घालून परत केली. नंतरचे नऊ दिवस तिला झोप अशी लागली नाही. रोज दुपारी ती अनुदान देणाऱ्या कार्यालयाबाहेरचा फलक बघायला जायची आणि हात हलवत परतायची.

दहाव्या दिवशी फलकावर एक कागद होता. धाकटीने त्यावर बोट ठेवून आधी स्वतःची ओळ वाचली, मग तिच्या खालची.

शेडमधला गट: पाहणी सकाळी अकरा, बायका अकरा, मशिनं अकरा, गरजेचे गुण पन्नासपैकी सहा, नामंजूर.

कालव्यापलीकडचा गट: पाहणी दुपारी साडेतीन, बायका नऊ, मशिनं शून्य, गरजेचे गुण पन्नासपैकी एकोणपन्नास, मंजूर.