शेजारच्या केंद्राचा पाऊस

“आजी, सत्तावीस जुलैचा तुमचा आकडा काढून टाकलाय,” माझी जुनी पाऊसवही मांडीवर घेऊन ऋजुता म्हणाली. संगणकानं हवामानाचा अंदाज सांगावा म्हणून त्याला आमच्या जुन्या नोंदी चारायचं तिचं काम. “चारशे दहा मिलिमीटर कसे असतील? शेजारच्या पाऊसमापन केंद्रात नव्वदच आहेत.”

त्या सकाळी मी कंबरभर पाण्यातून टेकाडावरच्या पर्जन्यमापकापर्यंत गेले होते. मोजपात्र एकवीस वेळा भरून ओतलं होतं.

“मग माझ्या जागी काय घातलंस?”

“त्यांचे नव्वद. भरवशाचं केंद्र आहे, वीस वर्षं रोज तुमच्याशी जुळतंय.”

जुळणारच. तिथे नोंदी घेणारे धुरी पावसात कधी अंगणातल्या मापकापर्यंत उतरले नाहीत. रोज सकाळी फोन करायचे, “बाई, आज किती?” आणि माझ्या आकड्यात दोन-चार इकडेतिकडे करून लिहायचे. त्या दिवशी फोनच्या तारा तुटल्या, म्हणून बिचाऱ्यांना स्वतःच्या डोक्यानं लिहावं लागलं.

हे मी सांगितल्यावर ऋजुता म्हणाली, “मग त्यांचे सगळेच आकडे काढते.”

“आणि माझे चारशे दहा परत घाल.”

“ते कसे घालू, आजी? आता तुमचा आकडा पडताळायला शेजारी कुणीच उरलं नाही.”